आगीपुढचा दगड

ऑक्टोबर आला की न्यू इंग्लंडमधली मराठी मंडळी पानं बघायला व्हर्माँटला निघतात. गेल्या वर्षी आम्हीही निघालो, पण आम्हाला बघायचा होता दगड. पानं रस्ताभर होतीच. गाडीच्या डिकीत थर्मास आणि चिवड्याच्या डब्याशेजारी मोजायची टेप, आमच्या फायरप्लेसच्या लाल विटेचा एक तुकडा आणि ओकच्या लाकडी जमिनीची वीतभर पट्टी एवढा ऐवज मात्र जास्तीचा होता.

बॉस्टनच्या पश्चिमेला आमचं घर आहे, १९३० च्या सुमाराचं. बैठकीच्या खोलीत खरी, लाकडं जाळायची फायरप्लेस आहे. अशा फायरप्लेसचे ढोबळ तीन भाग. आग पेटते तो आतला खण, भट्टीच्या विटांचा. त्याच्याभोवतीची चौकट आणि वरची फळी, म्हणजे मँटल. आणि तोंडापुढे जमिनीवर पसरलेला दगडाचा किंवा विटांचा पट्टा, त्याला इथे हर्थ म्हणतात. सासूबाईंना फोनवर हे सगळं दाखवलं तेव्हा त्यांनी लगेच त्याचं मराठी करून टाकलं, "म्हणजे चूल, भानवस आणि चुलीपुढची जागा." कराडकडच्या घरात त्यांनी कितीतरी वर्षं चुलीवर स्वयंपाक केला आहे. त्यामुळे पुढचा प्रश्नही नेमका होता, "पुढे जागा किती सोडलीय गं? निखारा उडतो तो पुढेच उडतो."

जागा पुरेशी नव्हती. धुराडं साफ करायला आलेला माणूस गुडघ्यांवर बसला आणि त्याने हर्थच्या पलीकडे, लाकडी जमिनीवरचे दोन काळे ठिपके बोटाने दाखवले. रुपयाएवढे. आधीच्या मालकांनी कधीतरी नव्या चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या होत्या आणि तो पट्टा होता जेमतेम बारा इंच. ठिपके त्याच्या बाहेर होते. "हे दोन आपोआप विझले," एवढंच तो म्हणाला. आमच्या मुलीची झोपायची खोली बरोबर त्याच्या वर आहे. नवा हर्थ होईपर्यंत काडी पेटवायची नाही असं त्याच दिवशी ठरलं.

दगड निवडण्याआधी मोजमाप करावं लागतं, म्हणून ते आधी सांगते. अमेरिकेत घरबांधणीची जी नमुना नियमावली आहे, जिच्यावर बहुतेक राज्यांचे नियम बेतलेले आहेत, तिच्यात हे स्पष्ट दिलेलं आहे. फायरप्लेसचं तोंड सहा चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर हर्थ पुढे निदान १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच यायला हवा. तोंड सहा चौरस फूट किंवा त्याहून मोठं असेल तर पुढे २० इंच आणि बाजूंना १२. आमचं तोंड ३६ इंच रुंद आणि २८ इंच उंच. गुणाकार १००८, त्याला १४४ ने भागलं की सात चौरस फूट. म्हणजे हर्थ पाच फूट लांब आणि २० इंच रुंद हवा. जाडी किमान दोन इंच आणि खाली लाकूड नव्हे, तर काँक्रीटसारखा न जळणारा आधार. ज्यांच्या फायरप्लेसचा तळ हर्थपेक्षा आठ इंच किंवा जास्त उंच आहे त्यांना पातळ दगड किंवा टाइलही चालते. आमचा तळ जमिनीलगत आहे. गावोगावचे इन्स्पेक्टर यात आपापली भर घालतात, म्हणून आधी त्यांना विचारून परवाना घ्यावा. सासूबाईंना हे आकडे कळवले. त्यांनी पलीकडे हात पसरून बघितला असावा. म्हणाल्या, "दोन विती आणि वर तीन बोटं. ठीक आहे."

आता प्रश्न उरला कोणत्या दगडाचा. सुरुवात घराजवळच्या दगडांच्या गोदामापासून केली. तिथे उंच स्लॅब पुस्तकांसारख्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. सर्वांत काळीभोर, आरशासारखी स्लॅब होती तिच्यावर 'इंडिया' अशी चिठ्ठी. 'अ‍ॅब्सोल्यूट ब्लॅक' या नावाने दक्षिण भारतातला हा दगड जगभर जातो. बघताक्षणी आपल्याकडच्या कडप्प्याच्या ओट्याची आठवण झाली आणि मन तिकडे ओढलं. पण इतक्या चकचकीत काळ्यावर राखेचा प्रत्येक कण आणि चिमट्याचा प्रत्येक ओरखडा दिसतो. विक्रेत्याने मग क्वार्ट्झ सुचवलं. इथल्या नव्या स्वयंपाकघरांत ओट्यांना सर्रास वापरतात ते. हा खाणीतून निघालेला दगड नव्हे. दगडाचा चुरा कृत्रिम राळेत घट्ट बसवून केलेली लादी. ओट्याला छान, पण आगीपुढे ती राळच अडचणीची. उष्णतेने ती रंग बदलते, कधी तडकते. बनवणारेच गरम भांडं थेट ठेवू नका म्हणून बजावतात, तिथे निखाऱ्याचं काय घेऊन बसलात!

मी इकडे येण्याआधी साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. खडकांचा धडा आला की फळ्यावर एक तक्ता काढायचा हे ठरलेलं. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. चुनखडकाचा होतो संगमरवर, शेलची होते स्लेट. मुलं घोकायची, परीक्षेत लिहायची आणि विसरायची. नमुने म्हणून आमच्याकडे प्रयोगशाळेतल्या डबीतले चार खडे होते. आणि इथे, घरापासून तीन-चार तासांच्या अंतरावर, एका छोट्याशा राज्यात ग्रॅनाइट, संगमरवर आणि स्लेट या तिन्हींच्या खाणी. नवऱ्याला म्हटलं, गोदामात चिठ्ठ्या वाचत बसण्यापेक्षा तीन दिवस काढू आणि तक्ताच बघून येऊ.

पहिला मुक्काम बॅरी. गावाचं स्पेलिंग फसवं आहे, उच्चार बॅरी. स्वतःला हे गाव जगाची ग्रॅनाइट राजधानी म्हणवतं आणि तिथली रॉक ऑफ एजेस खाण बघितली की ते बढाईचं वाटत नाही. कठड्याशी उभं राहून खाली बघायचं. जवळपास सहाशे फूट खोल, करड्या भिंती सरळ कापलेल्या, तळाशी हिरवट पाणी आणि क्रेनच्या तारा. खालचा माणूस मुंगीएवढा. लोणावळ्याच्या दऱ्या बघितलेल्या माणसाला खोलीचं काय नवल, पण ही दरी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ठोकळा ठोकळा उचलून केलेली आहे.

ग्रॅनाइट आगीपुढे चालतो का? चालतो, पण आगीत नाही. त्याच्यातलं क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सिअसला एकदम प्रसरण पावतं आणि पृष्ठभागाचे कपचे उडतात. याच गुणाचा कारागीर उपयोगही करून घेतात. दगडावर गॅसची ज्योत फिरवली की वरचे कण तडतडत उडतात आणि पायऱ्यांना हवा तसा खरखरीत, न घसरणारा पृष्ठभाग मिळतो. म्हणून आतल्या खणात नेहमी भट्टीचीच वीट; ग्रॅनाइट बाहेर, पुढ्यात. तिथे तो कितीही वर्षं टिकेल. मी आमच्या विटेचा तुकडा दुकानातल्या बॅरी करड्यावर ठेवून पाहिला. करड्यावर काळे-पांढरे ठिपके, बँकेच्या पायरीसारखा सभ्य आणि थंड. लाल विटेशी त्याचं जमेना.

बॅरीतली खरी बघण्याची जागा म्हणजे होप सेमेटरी. दफनभूमीत सहलीला कसलं जायचं, असं मलाही वाटलं होतं. १८९५ पासूनच्या या दफनभूमीत सगळी स्मारकं बॅरीच्याच ग्रॅनाइटची आहेत आणि बरीचशी कारागिरांनी स्वतःसाठी किंवा आपल्या माणसांसाठी घडवलेली. एक दगडी आरामखुर्ची आहे. एक शर्यतीची मोटार आहे. पलंगावर बसून एकमेकांचा हात धरलेलं एक जोडपं आहे. मुलगी एकेक शोधत पळत होती. मी थांबले ती लुई ब्रूसा या शिल्पकाराच्या स्मारकाशी. पुरुष मागे रेललेला, बायकोने त्याला सावरून धरलेलं. त्याचा श्वास संपत आलाय हे दगडातही कळतं. ब्रूसा १९३७ मध्ये गेला, सिलिकोसिसने.

इटलीतल्या करारामधून आणि स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनमधून हे दगडाचे कसबी कारागीर बॅरीला आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्या आल्या. काम झपाट्याने होऊ लागलं आणि धूळही त्याच झपाट्याने. व्हर्माँटचा हिवाळा असा, की शेडची दारं बंद ठेवावी लागत. दगडाची ती बारीक धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. हळूहळू फुप्फुस घट्ट होत जातं आणि त्यावर क्षयरोग बसतो. भर उमेदीतली माणसं गेली. १९३० च्या दशकाच्या शेवटी शेडमध्ये धूळ ओढून घेणारी यंत्रं बसली आणि नवे रोगी जवळपास थांबले. म्हणजे उपाय अवघड नव्हता. नळी, पंखा आणि पाणी. माणसं मात्र आधी गेली.

हे ऐकायला जुनं वाटतं, पण तसं नाही. गोदामात विक्रेत्याने आम्हाला सुचवलेल्या त्या क्वार्ट्झच्या लादीत सिलिकेचं प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असतं. ग्रॅनाइटमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. कॅलिफोर्नियात ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांना, त्यांतले बरेच आपल्यासारखेच बाहेरून आलेले, हाच आजार होतो आहे आणि काहींची फुप्फुसं बदलावी लागली आहेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या कृत्रिम दगडावर सरळ बंदीच घातली. दगड शोधायला निघताना माझ्या यादीत रंग, जाडी, उष्णता आणि डाग एवढ्या चारच गोष्टी होत्या. बॅरीहून निघताना पाचवी लिहिली: कापतात कसा?

रात्री डोंगरातल्या एका जुन्या सराईत उतरलो. बैठकीत सोपस्टोनची एक बुटकी शेगडी होती. सोपस्टोन म्हणजे आपलं शंखजिरं ज्याचं असतं तो मऊ दगड. बेलूर-हळेबीडची नाजूक कोरीव देवळं त्याच जातीच्या दगडाची. तो उष्णता धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. रात्री दहाला शेवटचं लाकूड घातलं होतं. सकाळी सातला मालकिणीने मुलीला शेगडीवर हात ठेवायला सांगितला, तर दगड अजून कोमट. त्याच्यावर लिंबू सांडलं तरी चट्टा पडत नाही, ओरखडा पडला तर पॉलिशपेपरने घासून काढता येतो. हर्थसाठी याच्याइतका गुणी दगड क्वचितच. व्हर्माँटमध्ये पूर्वी त्याच्याही खाणी होत्या, पण आता बाजारातला बराचसा ब्राझीलहून येतो. मी त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढे निघालो.

दुसरा दिवस संगमरवराचा. प्रॉक्टर गावात ऑटर क्रीक नदीवर संगमरवराने मढवलेला पूल आहे. दक्षिणेला मँचेस्टरमध्ये तर फुटपाथही संगमरवराचे. पावसात भिजलेले, जरा घसरडे. आपल्याकडे ज्याच्यावर देवळात पाय ठेवताना चप्पल काढतो, त्याच्यावर इथे बर्फाचे बूट घालून चालतात. वाटेत डॅन्बीला डोंगराच्या पोटात एकरोगणती पसरलेली संगमरवराची खाण आहे. वॉशिंग्टनमधलं जेफर्सन मेमोरिअल तिथल्या दगडाचं. ती आतून बघता येत नाही. डॉर्सेटची जुनी खाण मात्र रस्त्यालगतच आहे. या देशातली व्यापारी तत्त्वावर चाललेली पहिली संगमरवराची खाण ती, १७८५ ची. न्यू यॉर्कच्या पब्लिक लायब्ररीसाठी संगमरवर डॉर्सेटहूनच गेला. आता खाणीत पाणी भरलं आहे आणि उन्हाळ्यात मुलं तिच्या पांढऱ्या कड्यांवरून उड्या मारतात. आम्ही गेलो तेव्हा पाण्यावर मेपलची लाल पानं तरंगत होती.

संगमरवर सुंदर, यात वादच नाही. जुन्या घरांत मँटलच्या चौकटी त्याच्या असतात आणि शोभतात. पण हर्थसाठी मी त्याला नको म्हटलं. त्याचं मूळ चुनखडकाचं. आम्ल लागलं की चकाकी जाते आणि तेलाचा, काजळीचा, हळदीचा डाग आत मुरतो. आमच्या घरात हळदी-कुंकू, लिंबू आणि सहा वर्षांची मुलगी असे तिन्ही धोके आहेत. शिवाय एका बाजूने एकदम तापला तर पातळ संगमरवर तडकतो. ज्यांच्याकडे गॅसची फायरप्लेस आहे, निखारा उडत नाही, राख पडत नाही, त्यांनी जरूर विचार करावा.

डॉर्सेटहून रूट ३० ने पॉलेट आणि तिथून राज्याची सीमा ओलांडून न्यू यॉर्कमधलं ग्रॅनव्हिल. हा साधारण २४ मैल लांबीचा पट्टा स्लेट व्हॅली म्हणून ओळखला जातो. अर्धा व्हर्माँटमध्ये, अर्धा न्यू यॉर्कमध्ये. इथे आल्याचं पाटीवाचून कळतं, कारण घरांमागे घरांपेक्षा उंच ढिगारे दिसू लागतात. खाणीतून निघालेल्या दगडातला मोठा भाग टाकाऊच असतो, तो दीडशे वर्षं साठत गेला आहे. छपरं बघत जावं. जांभळी, हिरवी, करडी, चट्ट्यापट्ट्यांची, एकाच छपरावर नक्षी केलेली. लाल स्लेट फक्त ग्रॅनव्हिलच्या बाजूला मिळते.

या खाणी नावारूपाला आणल्या वेल्समधून आलेल्या लोकांनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते इथे आले, कारण तिकडेही ते हेच काम करत होते. दगड ओळखीचा, म्हणून मुलूख आपला वाटला असावा. त्यांनी आपली भाषा आणली, वेल्श बोलणारी प्रार्थनामंदिरं बांधली, गाणी गायली. ग्रॅनव्हिलच्या स्लेट व्हॅली म्युझियममध्ये त्यांची हत्यारं बघताना नवरा हळूच म्हणाला, "म्हणजे यांचं पण मंडळ होतं." मी हसले. पण नंतर फोटोंतले ते चेहरे बराच वेळ बघत राहिले. पहिल्या पिढीतल्यांचे चेहरे कुठल्याही देशातले असोत, ओळखू येतात.

म्युझियमजवळच्या एका स्लेटच्या यार्डात गेलो. शेडमध्ये एक माणूस हातभर जाडीचा ठोकळा पायाशी टेकवून बसला होता. रुंद, पातळ छिन्नी कडेला लावायची, लाकडी हातोड्याने दोन हलके ठोके द्यायचे, की ठोकळ्याचे पुस्तक उघडावं तसे दोन भाग. मग त्या भागांचे पुन्हा दोन. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाला बसलेला चिखल दाबाखाली शेल झाला, शेलची स्लेट झाली आणि दाबाच्या दिशेप्रमाणे तिच्यात सरळ पातळ्या तयार झाल्या. इतकी वर्षं फळ्यावर एका बाणाने दाखवलेली गोष्ट त्या माणसाने दोन ठोक्यांत दाखवली. मुलीने विचारलं, "हे काय करतात याचं?" मी म्हटलं, "छपरं. आणि पूर्वी पाट्या."

पाटी आणि पाटीवरची पेन्सिल. माझ्या शाळेत बालवर्गाला दोन्ही होत्या. आणि त्या शेडमध्ये उभं असताना मला मध्य प्रदेशातल्या मंदसौरबद्दल वाचलेलं आठवलं. तिथे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे मजूर वर्षानुवर्षं त्याच धुळीत बसत. त्यांतले कितीतरी तिशी-चाळिशीत सिलिकोसिसने गेले. बॅरीत धूळ ओढणारी यंत्रं बसून तेव्हा काही दशकं उलटली होती. भारतभरच्या मुलांनी 'अ' गिरवला त्या पेन्सिली तिथून आल्या होत्या. पेन्सिल कुठून येते हे मला मुलांनी कधी विचारलं नाही आणि अभ्यासक्रमातही ते नव्हतं.

म्हणून यार्डातल्या माणसाला रंग आणि भावाच्या आधी विचारलं, "तुम्ही कापता कसं?" तो जरा चमकला. मग आम्हाला आत घेऊन गेला. मोठी हिऱ्याची करवत चालू होती आणि पात्यावर दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारा. धूळ उडतच नव्हती, राखाडी पाणी होऊन जमिनीवरच्या पन्हाळीतून वाहून जात होती. कडा घासायच्या टेबलापाशी हवा ओढणारी जाड नळी, आणि घासणाऱ्याच्या तोंडावर घट्ट बसणारा मास्क. स्लेटमध्येही सिलिका भरपूर असते, तेव्हा हे सगळं शोभेसाठी नाही. "छपरावाले कधी विचारत नाहीत, स्वयंपाकघरवाले तर नाहीच," तो म्हणाला, आणि मग आपणहून बाकीचं शिकवायला लागला.

त्याने शिकवलेलं इथे देते, कोणाला तरी उपयोगी पडेल. स्लेट बोटांच्या सांध्यांनी ठोकून पाहायची. खणखणीत वाजली तर सलग; बद्द वाजली तर आत चीर आहे, तापल्यावर पापुद्रे सुटतील. माठ घेताना आपण हेच करतो. रंगात 'टिकाऊ' आणि 'उतरणारा' असे दोन प्रकार असतात. उतरणारी हिरवी स्लेट उन्हापावसात काही वर्षांत तपकिरी-पिवळसर होते. छपरावर ते लोकांना आवडतं, घरात त्याने फारसा फरक पडत नाही. सोनेरी ठिपके दिसले तर ते लोहमाक्षिक असू शकतं, ओल लागली की गंजाचा डाग सोडतं. पृष्ठभाग नैसर्गिक, खडबडीत घ्यायचा की घासून सपाट केलेला? खडबडीत दिसतो छान, पण राख खळग्यांत बसते. रोज झाडणारीने सपाट घ्यावा.

मग डिकीतला ऐवज काढला. अंगणात उन्हात विटेचा तुकडा आणि ओकची पट्टी मांडली आणि एकेक रंगाची स्लेट मधे ठेवून पाहिली. लाल स्लेट विटेशी भांडली. जांभळी वेगळी छान, विटेजवळ मळकट दिसली. काळी ओकजवळ फार गडद. हिरवट करडी ठेवली आणि विटेचा लाल रंग एकदम उबदार झाला. ओकचा पिवळेपणाही शांत झाला. त्या माणसाने ती सावलीत नेऊन पुन्हा ठेवली. "तुमची खोली सावलीची असणार, इथे बघा," म्हणाला. सावलीतही तीच चांगली दिसली. पाच फूट, २० इंच, दोन इंच जाड. वजन साधारण २४० पौंड, म्हणजे आमच्या चिवड्याच्या डिकीतून येणं शक्य नव्हतं. नोव्हेंबरमध्ये ट्रकने आली.

गवंड्याने जुन्या टाइल्स उचलल्या तेव्हा खालची प्लायवूडची फळी दिसली. ती बरीचशी काळी पडलेली होती, हाताने चुरा होईल अशी. लाकूड वर्षानुवर्षं थोडं थोडं तापत राहिलं तर ज्योत न लागताही कोळशासारखं होत जातं आणि मग ते नेहमीपेक्षा कमी उष्णतेला पेटू शकतं. दिसत होते ते फक्त बाहेरचे दोन ठिपके. ती फळी काढली, काँक्रीटचा आधार ओतला, तो पुरता वाळू दिला आणि मग चार माणसांनी दगड उतरवला. दगड आणि ओकच्या फळ्या यांच्यात त्याने बारीक फट सोडून लवचीक भराव घातला, कारण इथलं लाकूड उन्हाळ्यात फुगतं आणि हिवाळ्यात आखडतं. दगडाला यातलं काही होत नाही. इन्स्पेक्टर आला, टेप लावली, सही केली.

या दगडाला फारशी सेवा लागत नाही. राख पूर्ण थंड झाल्यावर झाडायची, ओल्या फडक्याने पुसायचं. लिंबू, चिंच थेट सांडू द्यायचं नाही. दिवाळीत पणत्या ठेवायच्या तर खाली ताटली हवी, नाहीतर तेलाचे गोल उमटतात. पण संपूर्ण दगडावरच खनिज तेलाचा हात फिरवला तर तो एकसारखा गडद होतो आणि मग गोलांची भीती नाही. रांगोळीचा पांढरा हिरवट करड्यावर असा काही उठतो की मुलीने यंदा जमिनीवर काढायचीच नाही म्हणून सांगितलं आहे. आग मात्र त्या दिवशी नाही.

ज्यांना व्हर्माँटपर्यंत जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी एक युक्ती: ओटे कापणाऱ्यांकडे मोठ्या स्लॅबचे उरलेले तुकडे पडलेले असतात. दोन इंचाची जाडी मिळाली तर बघा, हर्थला ते पुरतात आणि खूप स्वस्त मिळतात. विटेचा तुकडा किंवा निदान त्याच उजेडात काढलेला फोटो बरोबर न्या. आणि तिथे गेल्यावर भाव विचारायच्या आधी, कापताना पाणी मारता का, ते विचारा. चांगला कारागीर लगेच आत बोलावून दाखवतो. जो दाखवायला तयार नसेल, त्याचा दगड कितीही देखणा असो, टेप खिशात घालून बाहेर पडावं.